मांडवी : चार महिने नदी, आठ महिने खाडी

गोव्याला आलेला पर्यटक मांडवी नदी पाहतो ती बहुधा संध्याकाळी. पणजीच्या धक्क्यावरून बोट सुटते, वरच्या मजल्यावर कोकणी गाणी सुरू होतात, हौशी मंडळी नाचून घेतात, कॅसिनोच्या बोटींची रोषणाई बाजूने सरकत जाते आणि तासाभरात बोट पुन्हा धक्क्याला लागते. नदी पाहून झाली, असे समजून सगळे जेवायला जातात. ताटात तिसऱ्यांचे सुके येते. ज्या पाण्यावर नुकतीच बोट फिरली, तसल्याच खाडीच्या पाण्याने हे ताट वाढलेले असते, ही गोष्ट मात्र कोणाच्या मनातही येत नाही.

तिसरी काय खाते, हा प्रश्न खाणाऱ्याने कधी विचारलेला नसतो. वाळूत अर्धवट रुतून बसलेला हा प्राणी जागचा फारसा हलत नाही, शिकार करीत नाही. तो एका नळीने पाणी आत घेतो, गाळतो आणि दुसऱ्या नळीने बाहेर टाकतो. दिवसभर हेच काम. या गाळण्यात जे मागे उरते त्यावर त्याचे पोट भरते आणि ते मागे उरणारे म्हणजे बहुतांशी अतिसूक्ष्म वनस्पती असतात. त्यांना मूळ नाही, खोड नाही, पान नाही. एकेक वनस्पती म्हणजे एकेक पेशी. ओंजळभर पाण्यात त्या हजारोंनी असतात आणि तरीही पाणी रिकामेच दिसते.

शास्त्रज्ञ यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. प्लवक म्हणजे प्रवाह नेईल तिकडे तरंगत जाणारे जीव. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० ते १०० मायक्रॉन असते, यांतल्या पुष्कळशा २० मायक्रॉनहूनही लहान. पण आकारावर जाऊ नये. पृथ्वीवर सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने जेवढे अन्न तयार होते त्यातला जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या या अदृश्य वनस्पतींचा आहे. शेते, कुरणे आणि अरण्ये मिळून उरलेला निम्मा. तारली थेट यांच्यावर जगते, कोळंबीची पिल्ले यांच्यावर वाढतात, आणि जे मासे यांना खात नाहीत ते यांना खाणाऱ्यांना खातात.

कुंकवाचा करंडा

मांडवीच्या पाण्यात या वनस्पतींचे अनेक प्रकार सापडतात. त्यांत मानाचे स्थान डायाटमचे. मराठीत त्यांना करंडक वनस्पती असे नाव आहे आणि ते इतके नेमके आहे की, नाव ठेवणाऱ्याचे कौतुक वाटावे. ही वनस्पती पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूतले तेच द्रव्य, शोषून घेते आणि स्वतःभोवती काचेची डबी बनवते. डबीचे दोन भाग असतात. वरचे झाकण थोडे मोठे, खालचा भाग त्यात बसणारा. अगदी कुंकवाच्या करंड्यासारखा.

या करंड्याची वाढ मोठी मजेदार आहे. एका पेशीच्या दोन होताना दोन्ही लेकी आईच्या डबीचा एकेक भाग घेऊन निघतात. पण प्रत्येक लेक आपल्या वाट्याला आलेला भाग झाकण म्हणूनच वापरते आणि त्यात बसेल असा नवा तळ घडवते. जिला मोठे झाकण मिळाले ती आईएवढी होते, जिला तळ मिळाला ती थोडी लहान. असे होत होत कुळातल्या पुष्कळ पेशी पिढ्यान्‌पिढ्या आखूडत जातात. फारच लहान झाल्या की नर-मादी पेशींचे मीलन होते, जुनी डबी टाकून दिली जाते आणि नवी पेशी पुन्हा मूळच्या आकाराची होते.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर सोनाराच्या दुकानात आल्याचा भास होतो. कॉसिनोडिस्कस हे गोल नाणे, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. थॅलेसिओसिरा म्हणजे एका धाग्यात ओवलेली नाणी. नॅव्हिक्युला नावाप्रमाणे होडीसारखी. कीटोसेरॉसला लांब केस फुटलेले, म्हणजे बुडायला वेळ लागावा. प्लुरोसिग्मा थोडी वळणदार, इंग्रजी एस अक्षरासारखी. तिच्या डबीवरची नक्षी इतकी बारीक की, एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाचे भिंग चांगले की वाईट हे तिच्या रेघा दिसतात की नाही यावरून ठरवीत असत. स्केलेटोनिमा ही नळीच्या मण्यांची माळ. हिची ओळख ठेवावी, कारण मांडवीच्या कथेत ती पुन्हा येणार आहे.

डायाटमखेरीज दोन शेपट्यांनी पाणी ढवळत फिरणारे डायनोफ्लॅजेलेट आहेत. त्यांतला तीन शिंगांचा सेरॅशियम एकदा पाहिला की विसरत नाही. गोड्या पाण्याच्या बाजूने हिरवी शेवाळे येतात, नील-हरित शेवाळे येतात. एका नदीत एवढी वस्ती कशी मावते, हे समजण्यासाठी आधी नदी कशी आहे ते पाहायला हवे.

एकाच पात्रात दोन नद्या

मांडवीचा उगम कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात होतो. तेथे आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तिला म्हादई म्हणतात. पुढे खांडेपार, वाळवंटी अशा नद्या येऊन मिळतात, पात्र रुंदावते आणि ती मांडवी होते. एकूण लांबी सुमारे १११ किलोमीटर. त्यातली ३५ किलोमीटर कर्नाटकात, उरलेली गोव्यात. पाणलोट क्षेत्राचा एक लहानसा तुकडा, ७७ चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्रातही आहे.

नकाशावर ही एक साधी, आखूड नदी आहे. मात्र तिच्या तळाला समुद्राच्या बाजूने उतार जवळजवळ नाहीच. त्यामुळे भरतीचे पाणी मुखातून आत शिरते ते गांजे गावापर्यंत, सुमारे ५० किलोमीटर चढते. बहुतेक खाड्यांत भरती आत जाता जाता थकते. इथे तसे होत नाही. पात्र वर वर अरुंद होत जाते, पाणी दोन्ही काठांत आवळले जाते आणि तळाच्या घर्षणात गेलेली उंची भरून निघते. उधाणाच्या दिवशी मुखापाशी पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढते-उतरते, आणि आत कितीतरी किलोमीटरवरही चढ-उतार जवळजवळ तेवढाच राहतो. भांगाच्या दिवसांत तो कमी, दीडेक मीटरचा.

हे झाले उन्हाळी वर्तन. घाटात पाऊस कोसळू लागला की सगळे उलटते. नदीचे वर्षभराचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वाहून जाते. मे महिन्यात पणजीला ओंजळीत घेतलेले पाणी जवळजवळ समुद्राइतके, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिठाचे असते. जुलैत तेथेच वरचे पाणी गोडे लागण्याइतके पातळ होते. जड खारे पाणी फक्त तळाशी जीभ घालून बसते. ऑक्टोबरपासून मीठ पुन्हा वर चढू लागते आणि पुढचा जून येईपर्यंत चढतच राहते. जगातल्या पुष्कळ खाड्यांत गोडे आणि खारे यांचे प्रमाण वर्षभर साधारण एका जागी स्थिरावलेले असते. मांडवीत ते एक दिवसही स्थिरावत नाही. चार महिने ती नदी असते, आठ महिने समुद्राचा हात.

वनस्पतिप्लवकांचे पंचांग या मिठावर चालते. जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर लाल माती येते. पाणी चहासारखे होते, उजेड आत शिरत नाही. अन्न मुबलक, पण स्वयंपाकाला चूल नाही अशी अवस्था. खाऱ्या पाण्यात रमलेल्या जाती मरतात किंवा समुद्राकडे ढकलल्या जातात. मग पावसाने दोन-चार दिवस उघडीप दिली, ऊन पडले, गाळ थोडा खाली बसला की, स्केलेटोनिमाची पाळी येते. मीठ कमी असो वा जास्त, तिला चालते. नदीने आणलेले नायट्रेट आणि सिलिका तयारच असते. पेशी दिवसातून एकदा, कधी त्याहूनही जास्त वेळा दुप्पट होतात आणि मुखाजवळचे पाणी तिच्या माळांनी भरून जाते. त्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला दुसरे फारसे काही दिसतच नाही. पावसाळ्यात पीक भरघोस, पण जाती थोड्या.

पाऊस सरला की हे एकछत्री राज्य संपते. पाणी निवळते, मीठ वाढते आणि ज्यांना पावसाने हाकलले होते ती मंडळी भरतीबरोबर परत येऊ लागतात. आधी थोड्या, मग पुष्कळ. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास खाडीच्या मधल्या भागात वरून आलेल्या गोड्या पाण्याच्या काही जाती आणि खालून आलेल्या समुद्री जाती एकाच बाटलीत सापडतात. उन्हाळ्याकडे किनाऱ्यालगतच्या समुद्रात कधी कधी लाकडाच्या भुशासारखा तवंग दिसतो. ती ट्रायकोडेस्मियम, हवेतला नायट्रोजन वापरू शकणारी नील-हरित वनस्पती. दर्यावर्दी लोक तिला पूर्वीपासून समुद्राचा भुसाच म्हणतात.

कोडे आणि त्याचे उत्तर

१९६१ मध्ये एव्हलिन हचिन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारून जीवशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते. पाणी सर्वत्र सारखे, उजेड तोच, खायला मोजकीच चार-पाच द्रव्ये. मग स्पर्धेच्या नियमाप्रमाणे जी जात सर्वांत चलाख तिने इतरांना कधीच संपवायला हवे होते. प्रत्यक्षात बादलीभर पाण्यात डझनावारी जाती सुखाने नांदतात. हे कसे? एक उत्तर त्यानेच सुचवले होते. स्पर्धेचा निकाल लागायला वेळ लागतो आणि पाणी तेवढा वेळ देत नाही. कोणी जिंकण्याच्या आत खेळाचे नियम बदलतात.

मांडवी पाहिली की हे उत्तर पटते. दिवसातून दोनदा भरती, पंधरवड्यातून एकदा उधाण आणि एकदा भांग, वर्षातून एकदा सगळे धुऊन नेणारा पावसाळा. कोणत्याही जातीला कायमचे सिंहासन मिळत नाही. या नदीचे वैभव तिच्या चंचलपणात आहे. एरवी नदी शांत, स्वच्छ, बारमाही वाहती असावी अशी शहरी माणसाची इच्छा असते. मांडवीला ती लागू केली तर तिचे नुकसानच होईल.

हे सारे कळले ते पणजीपासून काही किलोमीटरवर असलेल्या दोनापावलाच्या टेकडीवर. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. त्याआधी झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म. मांडवी आणि जुवारी या दोन खाड्या संस्थेच्या दारातच असल्याने त्यांचा अभ्यास दशकानुदशके होत आला आहे. १९८१ मध्ये भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम नेणारे डॉ. कासिम याच संस्थेचे संचालक होते आणि या दोन खाड्यांवरही त्यांनी लिहिले आहे. १९८८ मध्ये देवासी आणि गोएस या शास्त्रज्ञांनी येथील वनस्पतिप्लवकांच्या जाती एकामागून एक कशा येतात याचा आढावा प्रसिद्ध केला.

काम मात्र दिसायला अगदी साधे. होडीतून काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते लिहून घ्यायचे. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने काढलेली ही युक्ती अजूनही चालते. पाणी बाटलीत भरायचे, त्यात आयोडीन घालायचे म्हणजे पेशी मरतात, रंगतात आणि तळाशी बसतात. मग काचेवरच्या चौकटीत एकेक मोजायची. जोंधळ्याच्या पोत्यातून दाणा दाणा निवडावा तसे हे काम. आणि मोजणाऱ्याची ओळखही पक्की हवी. स्केलेटोनिमा कॉस्टेटम म्हणून जगभर एकच जात मोजली जात होती. २००५ मध्ये बारकाईने पाहिल्यावर ती एक नसून अनेक जातींचा जथा आहे, असे निघाले. जुन्या नोंदवह्यांतल्या त्या एका नावाखाली नेमके कोण कोण होते, ते आता कोण सांगणार?

चिखलातले सोने

ज्याला हे जग थोडेफार डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने पणजीहून जुन्या गोव्याच्या रस्त्याला लागावे. वाटेत पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला लांबलचक दगडी सेतू लागतो. रायबंदरला उतरून फेरीबोटीने चोडण बेटावर जावे. बेटाच्या टोकाला १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरांचे. लोक तेथे खंड्या आणि बगळे पाहायला जातात. पण ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाकडेही नजर टाकावी. ऊन असले तर चिखलावर सोनेरी-तपकिरी मुलामा चढलेला दिसतो. ही करंडक वनस्पतींचीच वसाहत आहे. ओहोटी लागली की त्या चिखलातून वर सरकतात, ऊन खातात आणि भरती येण्याआधी पुन्हा खाली दडतात. घड्याळ नाही, डोळे नाहीत, तरी वेळ सहसा चुकत नाही. त्यांच्या मागावर निवटे असतात. हा मासा चिखलावर सरपटत, मान डावी-उजवीकडे हलवत हा सोनेरी थर खरवडून खातो. भरतीचे पाणी जोरात आले की यांतल्या काही वनस्पती उचलल्या जातात आणि प्लवकांत सामील होतात. म्हणून खाडीची बाटली तपासताना तरंगणारे कोण आणि तळचे कोण, हा घोळ नेहमीचाच.

चोडण काय, शेजारचे दिवाडी काय, ही बेटे खाजनांची आहेत. खाजन म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधात लाकडी दाराची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार बंद होते, ओहोटीला आपोआप उघडते. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर कोरगूट नावाचा खारेपणा सोसणारा भात, त्यानंतर त्याच पाण्यात कोळंबी आणि मासे, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. गोव्याच्या शेतकऱ्याने नदीच्या दुहेरी स्वभावावर बसवलेले हे वेळापत्रक शतकानुशतके चालले आणि ते सूक्ष्म वनस्पतींच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळते. दोघांचाही मालक एकच, मिठाची ये-जा. आता कितीतरी बांध फुटले आहेत, मानशी दुरुस्तीवाचून पडल्या आहेत आणि शेतात कांदळ माजले आहे.

दिवाडीच्या पलीकडच्या काठावर नार्वे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ येथेच आहे. मूळचे देऊळ होते दिवाडी बेटावर. जुन्या गोव्याच्या पुढे मांडवीला जुवारीशी जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा लागतो. त्यात मगरी आहेत. खाजनाच्या काठावरच्या काही गावांत पौष अमावास्येला मातीची मगर करून पुजतात. मगर बांध राखते, असा समज. तो खरा-खोटा कसाही असो, ज्या बांधावर पोट आहे त्याची आठवण वर्षातून एकदा होते हे काही कमी नाही.

गांजे गावापाशी भरती दमते. त्यापुढे सत्तरीत नदी निव्वळ नदी. काजूच्या बागा, सुपारीची कुळागरे, आणि मोठमोठे दगड. येथे पाय जपून टाकावा लागतो, कारण पाण्यातल्या दगडांवर निसरडा तपकिरी थर असतो. हा थरही करंडकांचाच, पण खाडीत होते त्यांच्याहून अगदी वेगळ्या जातींचा. पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या करंडकांचे बरेचसे ज्ञान एका माणसाच्या चिकाटीवर उभे आहे. हेमेंद्रकुमार गांधी यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कोल्हापूर, राधानगरी, जोगचा धबधबा अशा ठिकाणचे पाणी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि जवळजवळ ३०० नव्या प्रकारांची वर्णने केली. २००८ मध्ये ते वारले. कोल्हापूरच्या किती घरांना हे नाव ठाऊक असेल?

पाण्याचा वाद

याच वरच्या भागात म्हादईचा वाद पेटलेला आहे. कर्नाटकाला कळसा आणि भांडुरा या उपनद्यांचे पाणी घाटापलीकडे मलप्रभेच्या खोऱ्यात वळवायचे आहे. हुबळी-धारवाडसारख्या शहरांची तहान हे त्याचे कारण आणि ती तहान खोटी नाही. २०१० मध्ये लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. खोऱ्यात ७५ टक्के भरवशाचे पाणी १८८ टीएमसी धरले गेले. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी मिळाले, त्यातले ३.९ टीएमसी वळवण्यासाठी. महाराष्ट्राला १.३३ आणि गोव्याला २४ टीएमसी. तिन्ही राज्ये त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात गेली.

१८८ मधून ३.९, हा आकडा टक्केवारीत लहान दिसतो आणि गोव्यातल्या सभांमधून नदी उद्या आटणार असे जे सांगितले जाते ते जरा ताणलेलेच असते. पण वर्षाचा हिशेब करून नदी कळत नाही. मांडवीत प्रश्न पाणी किती याचा नाही, ते केव्हा आणि कोठून येते याचा आहे. पावसाळा संपल्यावर वरून येणारी धार बारीक होते. ती जेवढी बारीक तेवढे मीठ वर चढणार. ते कोठे थांबते यावर खाजनाचा भात, कोळंबीची पिल्ले आणि कोणत्या करंडकाची पाळी केव्हा येते हे सारे ठरते.

नदीचा पूर अडवल्यावर काय होते हे नाईलच्या मुखाने दाखवून दिले आहे. दर वर्षी पुराबरोबर नाईलचे पाणी भूमध्य समुद्रात जाई, करंडकांचा मोठा बहर येई आणि त्यावर तारलीच्या जातीचे मासे तुटून पडत. आस्वानच्या मोठ्या धरणाने १९६० च्या दशकाच्या मध्यात पूर थांबवला. १९६२ मध्ये इजिप्तच्या कोळ्यांना तारलीच्या जातीचा सुमारे १८,००० टन मासा मिळाला होता. १९६८-६९ मध्ये तो पाच-सहाशे टनांवर आला. पुढे १९८० नंतर मासेमारी सावरली खरी, पण तिला शेतातली खते आणि शहरांचे सांडपाणी यांचा मोठा हातभार लागला, असे अभ्यासक सांगतात. नाईल आणि मांडवी यांची बरोबरी नाही. आस्वानने सगळा पूर गिळला, येथे काही ओढ्यांचा प्रश्न आहे. पण नदी समुद्राला नुसते पाणी देत नाही, हिशेबाने वेळच्या वेळी अन्न देते, एवढे तरी त्या उदाहरणावरून कळते.

दुसरी बाजू गोव्याने स्वतःच्या घरातही पाहावी. कित्येक वर्षे लोहखनिजाने भरलेल्या बार्ज मांडवीतून रांगेने जात. खाणींच्या ढिगाऱ्यांवरून पावसात लाल गाळ नदीत येई. करंडकाला गाळाचे विष बाधत नाही, गाळाचा अंधार बाधतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा चालू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. त्यानंतर लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. वरच्या राज्याने पाणी वळवू नये, असे म्हणताना आपल्या काठावरून नदीत काय पडते, याचाही हिशेब द्यावा लागतो.

जायचे केव्हा

समुद्रकिनाऱ्यासाठी गोव्याला जाणारे डिसेंबर निवडतात. मांडवीसाठी मात्र सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर उत्तम. काठ हिरवे असतात, गर्दी नसते, आणि नदी व समुद्र यांची अदलाबदल चालू असते. कोकण रेल्वेने करमळीला उतरले तर जुने गोवे अगदी जवळ. तेथून दिवाडीची आणि रायबंदरहून चोडणची फेरीबोट मिळते. सत्तरीत जायचे तर वाळपईपर्यंत बस आहे. ओहोटीची वेळ कोणत्याही फेरीच्या धक्क्यावर विचारली तरी सांगतात.

बरोबर शाळकरी मुले असतील तर पुढचा उद्योग त्यांना जरूर द्यावा. एक बाटली पाणी पणजीला भरून घ्यावे, एक चोडणला, एक सत्तरीत. प्रत्येकीत चहासारखा रंग येईपर्यंत औषधी आयोडीनचे थेंब टाकावेत आणि एक दिवस बाटल्या न हलवता ठेवाव्यात. वरचे पाणी बारीक नळीने हळूच काढून टाकावे आणि तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. शंभरपट मोठे करणारे भिंग सुरुवातीला पुरते, चारशेपटीचे असल्यास अधिक चांगले. बाटल्यांवर गावाचे नाव आणि तारीख लिहायला मात्र विसरू नये, कारण रंगाने तिन्ही पाणी सारखेच दिसते आणि घरी आल्यावर कोणते कोठले यावरून भांडणे होतात.